बैलाचं दुखणं, गिधाडाचं मरण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'नवे शोध आणि त्यांचे अनपेक्षित परिणाम' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हाच ठाऊक होतं, की ऐकणाऱ्यांच्या मनात अणुबाँब, प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर मोबाइल येणार. या तिघांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका इंजेक्शनबद्दल सांगणार आहे. गुराढोरांना द्यायचं साधं, स्वस्त, दुखणं थांबवणारं इंजेक्शन. ते शोधणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, विकणाऱ्याच्या नव्हतं, आणि टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात तर निव्वळ दया होती. तरी त्याने पंधरा वर्षांच्या आत आपल्या आभाळातून एक आख्खा पक्षी जवळजवळ पुसून टाकला. तो पक्षी म्हणजे गिधाड.

गिधाडाचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं, याला आपली भाषाच जबाबदार आहे. मराठीत गिधाड ही शिवी आहे. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या नातेवाइकांना आपण 'गिधाडं टपून बसलीत' असं म्हणतो. तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकात एकही पक्षी नाही, सगळी माणसंच आहेत. १९७० साली ते रंगभूमीवर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! उर्दूत गिधाडाला करगस म्हणतात. इक्बाल यांनी शाहीनला, म्हणजे बहिरी ससाण्याला, जितकं डोक्यावर घेतलं तितकंच करगसला खाली ढकललं. आम्हा कवी मंडळींचं हे नेहमीचं आहे. जिवंत जिवावर झडप घालतो तो उमदा, आणि कुणालाही न मारता मेलेलं खातो तो हलका. त्या मानाने रामायणाने गिधाडाला न्याय दिला. जटायू हा गिधाडांच्या कुळातला. इगतपुरी तालुक्यात टाकेदला त्याच्या नावाचं स्थान आहे आणि लोक तिथे श्रद्धेने जातात. पण जटायूला नमस्कार करून परत येणारा माणूससुद्धा माळावर बसलेलं गिधाड पाहून थुंकतो, हेही मी पाहिलेलं आहे.

मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, म्हसळ्याच्या बाजूचा. आमचे एक मामू कातड्याचा धंदा करत. त्यामुळे मेलेल्या जनावराचं पुढे काय होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती गावाबाहेरच्या माळावर ओढून नेत. आधी सोलणारे येत. हे काम गावाने कुणाच्या माथी मारलं होतं, ते मी वेगळं सांगायला नको. महाड आमच्यापासून लांब नाही. १९२७ साली तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा ते किती पिढ्यांच्या लाचारीवर बोट ठेवत होते, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना समजावून द्यावं लागत नसे. तर सोलणारे कातडं काढत, मामू ते मिठात घालून ठेवत आणि पुढे धारावीच्या व्यापाऱ्याकडे पाठवत. सोलणारे बाजूला झाले की गिधाडं उतरत. आणि गिधाडं उडाली की काही दिवसांनी हाडं गोळा करणारे पोती घेऊन येत. ती हाडं खताला, सरसाला आणि जिलेटिनला जात. मामू म्हणायचे, 'या धंद्यात तीन भागीदार. सोलणारा, मी आणि तो वरचा.' वरचा म्हणजे अल्ला की गिधाड, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

गिधाडांचं जेवण पाहणं हा काही रम्य देखावा नाही. पण कामाचा उरक पाहावा तो त्यांचाच. पन्नास-साठ गिधाडं बसली की तासाभरात आख्ख्या बैलाचा सांगाडा उरतो, तोही असा स्वच्छ की माशी बसायला जागा नाही. त्यांच्या डोक्यावर आणि मानेवर पिसं जवळजवळ नसतात. आपल्याला ते ओंगळ वाटतं, पण रक्तामांसात मान खुपसणाऱ्या पक्ष्याला दाट पिसं परवडणारी नाहीत. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं, की सडलेल्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तीच आहे. आपली गिधाडं वासावर नाही, नजरेवर अन्न शोधतात. उंचावर एकेक गिधाड घिरट्या घालत असतं आणि त्याचं निम्मं लक्ष खाली, निम्मं शेजारच्या गिधाडाकडे असतं. एक खाली झेपावलं की शेजारचं त्याच्या मागे, त्याच्या मागे आणखी चार. म्हणून एका मेलेल्या बैलाभोवती मैलोन् मैल अंतरावरची गिधाडं गोळा होतात. पंगत मोठी असते आणि ताट एकच.

आता औषधाकडे येऊ. १९७३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, सिबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड सालमान आणि रुडॉल्फ फिस्टर या रसायनतज्ज्ञांनी डायक्लोफेनॅक नावाचं द्रव्य तयार केलं. सूज उतरवणारं, ताप आणि दुखणं कमी करणारं, स्टिरॉइड नसलेलं औषध. १९७४ साली ते पहिल्यांदा जपानच्या बाजारात आलं आणि मग जगभर गेलं. सांधेदुखीच्या किती माणसांना त्याने चालतं ठेवलं असेल, याला गणती नाही. माझ्या गुडघ्याला मी रोज रात्री चोळतो त्या मलमातही तेच आहे, त्यामुळे मी त्याला शिव्या देणार नाही.

जाता जाता एक योगायोग सांगतो. डीडीटी कीटकनाशक आहे हे पॉल म्युलर यांच्या लक्षात आलं ते १९३९ साली, याच बाझेल शहरात, याच गायगी कंपनीत. त्याबद्दल त्यांना १९४८ सालचं नोबेल मिळालं. पुढे कळलं, की डीडीटी अन्नसाखळीत साठत साठत वर चढतं आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करतं. आईने उबवायला बसावं तर अंडंच फुटावं. १९७२ साली अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला. आणि पुढच्याच वर्षी त्याच गावात डायक्लोफेनॅक जन्माला आलं. यात कुणाचा कट नाही. पण पक्ष्यांनी इतिहास लिहिला असता तर बाझेलचं नाव त्यात ठळक अक्षरांत आलं असतं.

आपल्याकडे हे औषध जनावरांसाठी सर्रास वापरात आलं ते १९९०च्या दशकात. देशातल्या कंपन्या ते बनवत होत्या आणि ते स्वस्त होतं. ज्याच्या घरी बैल आहे त्याला विचारा. जू घासून खांदेसूज आलेली असते, पाय मुरगळून बैल लंगडत असतो, म्हशीची कास दगडासारखी झालेली असते आणि ती हात लावू देत नाही. जनावर बोलत नाही, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नाही. डॉक्टर येतो, एक इंजेक्शन देतो आणि संध्याकाळपर्यंत जनावर वैरणीला तोंड लावतं. शेतकऱ्याला आणखी काय हवं? पेरणी तोंडावर आलेली असताना बैल उभा राहिला, ही काय लहान गोष्ट झाली? इंजेक्शन गावोगाव पोचलं. जनावरांना त्याचा काही त्रास नव्हता. ते खाऊन कुत्र्यालाही लगेच काही होत नव्हतं. ज्या ज्या कसोट्या लावायच्या त्या सगळ्यांत ते उतरलं. रोगी मेल्यानंतर रोग्याला कोण खातो, हा रकाना मात्र कुठल्याही अर्जावर नव्हता.

त्याच सुमारास राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांची मोजदाद करत होते. १९८७-८८च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करताना मोजल्या होत्या. १९९६ साली ते पुन्हा मोजायला गेले तर निम्म्याहून कमी. झाडांवर, झुडपांत मेलेली गिधाडं अडकलेली. जी जिवंत होती ती मान खाली टाकून तासन् तास बसलेली. आणखी काही वर्षांत तिथली घरटी संपलीच. मग लोकांनी देशभर पाहायला सुरुवात केली, तर सगळीकडे तीच कथा. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला संख्येने बहुधा सर्वांत मोठा शिकारी कुळातला पक्षी समजला जात होता. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं अशा दुसऱ्या दोन जातींत शंभरातली सत्त्याण्णव गेली.

पक्षी नष्ट होण्याच्या कथा आपण ऐकतो त्यांत जंगलतोड असते, शिकार असते, शतकभराचा अवधी असतो. इथे तसं काही नव्हतं. माळ तेच होते, झाडं तीच होती, मेलेली जनावरं तर हवी तेवढी होती. कुणी गिधाडाची शिकार करत नव्हतं. खाणार कोण त्याला? संशय सगळ्यांत आधी साथीच्या रोगावर गेला. कुठला तरी नवा विषाणू असावा, असं बहुतेक जाणकारांना वाटत होतं. काहींनी कीटकनाशकांकडे बोट दाखवलं. मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड झाली. विषाणू सापडेना, जंतू सापडेना, शिसं आणि पारा यांसारखी विषंही सापडेनात. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसत होती. काळजावर, यकृतावर, आतड्यांवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर होता.

हा थर म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक. आपल्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपाने लघवीतून टाकतो. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपाने टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेत पांढरं दिसतं ते हेच. मूत्रपिंडं बंद पडली की हे ॲसिड बाहेर जायचं थांबतं, रक्तात वाढत जातं आणि शेवटी अवयवांवर साचतं. म्हणजे गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. पण ती निकामी कशाने होत होती?

उत्तर सापडलं ते पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. रोगजंतूंचा शोध घेऊन हात टेकल्यावर त्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. गिधाड खातं काय? पाळीव जनावर. मग त्या जनावराच्या पोटात किंवा अंगात असं काय जातं, जे मूत्रपिंडाला घातक आहे आणि नव्यानेच वापरात आलं आहे? ते जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत चौकशी करत फिरले. या वर्णनात बसणारं एकच औषध निघालं. मग त्यांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली. पांढरा थर असलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५च्या २५ पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. थर नसलेल्या, दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. पुन्हा सोडता न येणाऱ्या, बंदिस्त गिधाडांना त्यांनी औषध टोचलेल्या जनावराचं मांस घातलं, तर तीही त्याच रीतीने मेली. हे संशोधन २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. पाकिस्तानात सापडलेल्या या गुन्हेगाराची ओळख पुढे भारतात आणि नेपाळातही पटली. पक्ष्यांना व्हिसा लागत नाही आणि औषधालाही लागलेला नव्हता.

आता तुमच्या मनात एक शंका येईल, ती माझ्याही मनात आली होती. देशात गायी-म्हशीच तीस कोटींच्या घरात. त्यांतल्या मरणाऱ्या प्रत्येकीला काही हे इंजेक्शन दिलेलं नसतं. शिवाय औषध जनावराच्या अंगातून दोन-तीन दिवसांत निघून जातं. म्हणजे टोचल्यावर लगेचच मेलेलं जनावरच तेवढं विषारी. अशी जनावरं असून असून किती असणार? मग एवढी गिधाडं कशी मेली?

साधा हिशोब करू. गिधाड रोज जेवत नाही. तीन दिवसांतून एकदा पोटभर खातं असं धरा. म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणं. समजा, मेलेल्या दोनशे जनावरांत एकच विषारी आहे. कुठल्याही एका जेवणात धोका दोनशेत एक, म्हणजे अगदीच कमी. पण ही सोडत वर्षातून १२० वेळा निघते. गणित मांडून पाहिलं तर वर्षाअखेर शंभरातली पंचेचाळीस गिधाडं मेलेली असतात. शास्त्रज्ञांनी यापेक्षा पुष्कळ काटेकोर हिशोब केला आणि तो याच्याच आसपास निघाला. मेलेल्या १३० ते ७६० जनावरांत एक विषारी असलं तरी प्रत्यक्षात दिसलेल्या घसरणीला ते पुरेसं होतं. २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात दरवर्षी सरासरी ४४ टक्क्यांनी कमी होत होती.

त्यातून पंगतीची ती सवय. एक विषारी बैल म्हणजे एक गिधाड नाही, एका वेळी पन्नास. आणि ही तूट भरून काढायला गिधाड म्हणजे काही चिमणी नव्हे. ते पाचेक वर्षांचं झाल्यावर संसाराला लागतं, वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू वाढवायला कित्येक महिने खर्ची घालतं. निसर्गाने त्याला दीर्घायुष्य देऊन हा हिशोब जुळवला होता. त्याचं आयुष्यच कापलं, तेव्हा हिशोब कोसळला.

हे इथेच एवढं का घडलं, याचंही उत्तर याच हिशोबात आहे. युरोपात जनावर बहुतेक कत्तलखान्यात जातं. आपल्याकडे पुष्कळ जनावरं म्हातारी होऊन गोठ्यातच मरतात. त्यामागच्या श्रद्धेचं किंवा राजकारणाचं मी बोलत नाही, फक्त घडतं काय ते सांगतो. दावणीला बांधलेली म्हातारी गाय कण्हत असते. घरच्या बाईला ते ऐकवत नाही. ती म्हणते, 'अहो, डॉक्टरांना बोलवा, निदान हिचं दुखणं तरी थांबू दे.' डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात. गाय शांत होते, दुसऱ्या दिवशी मरते आणि माळावर जाते. जितकी दया जास्त, तितकं शेवटच्या दोन दिवसांत इंजेक्शन मिळण्याची शक्यता जास्त. यात दोष कुणाच्या पदरात टाकायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी कवी आहे, पण अशी गाठ मला कवितेतसुद्धा सुचली नसती.

गिधाडं गेल्यावर माळावरची मढी कुठे जाणार? ती तिथेच सडू लागली. हाडं गोळा करणाऱ्यांना स्वच्छ हाडं मिळेनाशी झाली. कुठे ओढ्यात, कुठे नदीत जनावरं टाकली जाऊ लागली. आणि रिकाम्या झालेल्या पंगतीत कुत्री येऊन बसली. कुत्रं हे गिधाडासारखं काम करत नाही. ते निम्मं खातं, निम्मं पसरवतं, पिल्लं मात्र भराभर घालतं. आणि मढं संपलं की वस्तीत येतं. २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अंदाज मांडला होता, की १९९२ ते २००६ या काळात गिधाडं कमी झाल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीजचे सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. रेबीज एकदा अंगात उमटला की औषध नाही, हे तुम्ही जाणताच.

याहून हादरवणारा आकडा अलीकडे आला. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या जिल्ह्यांची तुलना केली. पूर्वी गिधाडांच्या वस्तीला योग्य असलेले जिल्हे एका बाजूला आणि तशी वस्ती मुळातच नसलेले दुसऱ्या बाजूला. औषध येण्याआधी दोन्हीकडचं मृत्यूचं प्रमाण सारख्याच चालीने चाललं होतं. औषध आलं, गिधाडं कोसळली, आणि पहिल्या गटातलं माणसांच्या मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढलं. त्या जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढली आणि नद्यांचं पाणी अधिक घाण झालं. त्यांचा निष्कर्ष असा, की २००० ते २००५ या अवधीत वर्षाला सुमारे एक लाख, म्हणजे एकूण पाच लाख माणसं जादा मेली. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्यामुळे' असं लिहिलेलं नाही. दाखल्यावर जुलाब असतो, ताप असतो, कुत्र्याचा चावा असतो.

मुंबईत याची झळ वेगळ्या घराला लागली. आम्ही मयताला मातीत ठेवतो, हिंदू अग्नीला देतात. पारशी समाजाने माती, पाणी आणि अग्नी यांपैकी काहीच विटाळायचं नाही म्हणून आपले मृत गिधाडांच्या स्वाधीन करायची रीत पाळली. मलबार हिलवरची डुंगरवाडी सतराव्या शतकापासून आहे. मुंबईच्या आभाळातली गिधाडं संपली आणि तिथल्या दोखम्यांत देह तसेच राहू लागले. सूर्याची उष्णता एकवटणारे मोठे आरसे बसवून पाहिले, पण मुंबईच्या पावसाळ्यात सूर्य असतो कुठे? काही कुटुंबांनी नाइलाजाने दहन स्वीकारलं. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह सुरू झालं. हजारो वर्षांची रीत धर्मद्रोह्यांनी नाही, पाखंड्यांनी नाही, बैलाच्या खांदेसुजीवरच्या इंजेक्शनाने बदलायला लावली.

औषध सापडल्यावर सरकारने मात्र फार वेळ घेतला नाही, हे नमूद केलं पाहिजे. २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच सुमारास केली. मेलॉक्सिकॅम नावाचं दुसरं औषध गिधाडांना अपाय करत नाही, हेही तोवर सिद्ध झालं होतं. प्रश्न सुटायला हवा होता. पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक दुकानात होतंच आणि ते ३० मिलीच्या मोठ्या बाटलीतही मिळे. माणसाला एका वेळी ३ मिली पुरतात. बैलाला मात्र मोठी बाटली सोयीची. ती पळवाट ओळखायला नऊ वर्षं गेली. २०१५ साली माणसांसाठीची कुपीसुद्धा ३ मिलीचीच असावी, असा नियम झाला.

तोवर त्याच कुळातली भावंडं बाजारात उतरली होती. त्यांतल्या ॲसिक्लोफेनॅकची गंमत अशी, की गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. चोराने वेष बदलावा आणि घरात शिरून पुन्हा आपले कपडे चढवावेत, तसं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं, हे सिद्ध झालं होतं. या दोन्हींवर बंदी आली २०२३ साली. निमेसुलाइडवर त्यानंतर. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी औषध बाजारात, मग मेलेला पक्षी, मग प्रयोग, मग फायलीचा प्रवास, मग बंदी. आणि आपल्याकडेच अडाणीपणा असतो असं समजणाऱ्यांसाठी सांगतो, आपल्या बंदीनंतर सात वर्षांनी, २०१३ साली, स्पेनने हेच डायक्लोफेनॅक जनावरांसाठी खुलं केलं. युरोपातली बहुसंख्य गिधाडं स्पेनमध्येच आहेत. भारतातली सगळी कथा छापून जगजाहीर झालेली होती. पुढे तिथेही या औषधाने मेलेलं गिधाड सापडलं.

आता राहिलेल्यांची गोष्ट. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याची पैदास करणं म्हणजे सावकाराचं नव्हे, साधूचं काम आहे. २०१५ सालच्या मोजणीत देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि बारीक चोचीची हजारभर गिधाडं असावीत, असा अंदाज निघाला. एके काळी हा आकडा कोट्यवधींत होता. घसरण मंदावली आहे, पण भरपाई अजून दूर आहे. २०२४ साली पिंजोरची काही गिधाडं विदर्भात ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली गेली. त्यांच्या पाठीवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रं बसवली आहेत. म्हणजे एका शोधाने घालवलेल्या पक्ष्याच्या मागावर आता दुसरा शोध आहे. त्याचे परिणाम काय होतील ते होवोत, सध्या तरी गिधाड कुठे बसलंय ते कळतं.

आमच्या म्हसळ्याच्या बाजूला चिरगावच्या परिसरात आणि पलीकडे फणसाडच्या जंगलात मोजकी गिधाडं टिकून आहेत. तिथले निसर्गप्रेमी मेलेल्या जनावराची बातमी लागली की मालकाला विचारतात, याला शेवटचे काही दिवस कुठलं इंजेक्शन दिलं होतं का? नसेल दिलं तर मढं गिधाडांसाठी ठेवतात. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि त्या पट्ट्यातली उंच झाडं शेकड्यांनी आडवी झाली. गिधाडाला घरट्यासाठी असंच उंच झाड लागतं. कोकणात काही ठिकाणी ती नारळावरही घरटं बांधतात आणि मग वाडीवाला कुरकुरतो, कारण खालचे झाप विष्ठेने पांढरे होतात आणि पाडेली वर चढायला तयार होत नाही. मागच्या हिवाळ्यात अशाच एका वाडीवाल्याशी बोलत होतो. घरटं काढून का टाकत नाहीस, असं मी त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, 'चाचा, नारळ पुढल्या वर्षी पण येतील. हे पिल्लू मात्र उडून जाईपर्यंत मे महिना उजाडतो.' आणि त्याने पाडेल्याला शेजारच्या माडाकडे पाठवलं.